अक्काचा रंग

"हनुवटी जरा खाली घे. अजून थोडी. हां, आता हलायचं नाही," अंबादास पेंटर म्हणाले. एक डोळा मिटून, ब्रशचा दांडा हातभर लांब धरून ते माझ्या तोंडाचं माप घेऊ लागले.

माडीवरच्या उत्तरेच्या खिडकीपाशी मी स्टुलावर बसले होते. अंगावर अक्काची हिरवी इरकली साडी, गळ्यात तिची बोरमाळ, कानांत तिच्या कुड्या. सकाळी अव्वानं माझी वेणी तिच्यासारखी घातली होती, मानेवर सैल सोडलेली. घालताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. शेवटची गाठ बसली आणि सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "ऊठ नंदा, झालं." मग ती ताडकन उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आपटत बसली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, महानंदा. त्या उन्हाळ्यात ती विषमज्वरानं गेली. तिला माती देऊन आल्यापासून अप्पा घाण्यावर जाऊन बसायचे खरे, पण गिऱ्हाइकाला आपलं मागणं दोनदा सांगावं लागायचं. बार्शीत आमचा तेलाचा घाणा होता. करडई, शेंगदाणा, जवस, सगळं निघायचं. एक दिवस जेवताना ताटातला घास तसाच ठेवून अप्पा म्हणाले, "पुढच्या खोलीत नंदाची तसबीर पाहिजे. मोठी. तेलातली."

दुसऱ्या दिवशी अंबादास पेंटर आले. गावातल्या निम्म्या घरांत, गेलेल्या माणसांच्या ज्या तसबिरी हार घालून टांगलेल्या होत्या, त्या त्यांच्याच हातच्या. रंगात घालायचं जवसाचं तेल ते आमच्याकडूनच न्यायचे, त्यामुळे घरोबा जुना.

"फोटो द्या," ते म्हणाले.

"फोटो नाही."

"कसलाही चालेल, मालक. लग्नातला, घोळक्यातला. नखाएवढं तोंड असलं तरी मी मोठं करतो."

"एकही नाही," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ही बसेल. दोघींचा तोंडवळा एकच. नाक, डोळे, जिवणी, सगळं तेच. फक्त…"

त्या 'फक्त'पाशी ते थांबले. आमच्या घरात सगळे तिथंच थांबायचे.

मी अव्वावर गेले होते, गोरी. अक्का अप्पांच्या आईवर गेली होती.

पहिल्या दिवशी पेंटरांनी नुसत्या कोळशानं कॅनव्हासवर आकार काढला. दुसऱ्या दिवशी रंगांची पेटी उघडली आणि अप्पा-अव्वांना वर बोलावून घेतलं. "आकार बसला," ते म्हणाले. "आता रंगाचं सांगा. पोरीचा वर्ण कसा होता?"

"गव्हाळ," अप्पा म्हणाले.

"निमगोरी होती," दारातून अव्वा म्हणाली. "उजळ."

पेंटरांनी मान डोलावली. दोघं जिना उतरून गेल्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाची सर्वांत मोठी ट्यूब काढली, तिला शेपटाकडून दाबलं आणि रंग कालवायच्या पाटीवर भला मोठा गोळा काढला.

"हा सफेदा," ते म्हणाले. "माझं घर यावर चालतं. या गावात माझ्या हातून तसबिरीत गेलेला एकही माणूस काळा नाही बघ. शेतात राबून कोळसा झालेले म्हातारे असोत की भट्टीवरचे लोहार, सगळे सफेद्यात आंघोळ करून वर गेले." ते स्वतःशीच हसले. मी हसले नाही. मग त्यांनी हसणं आवरलं आणि ट्यूबचं टोपण लावता लावता विचारलं, "आता तू सांग. खरा कसा होता?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

"सांगितलंस म्हणून मी तसा लावीनच असं नाही. पैसे मालक देणार. पण खाली काय आहे ते मला माहीत असलं म्हणजे हात चुकत नाही."

"काळी होती," मी म्हटलं. आमच्या घरात हा शब्द मोठ्यानं कुणी उच्चारलाच नव्हता. बाहेरची माणसं उच्चारायची. माझेच कान गरम झाले.

"काळी?" त्यांनी पेटीतून एक ट्यूब उचलून माझ्यापुढं धरली. "काळा रंग हा. हा मी केसांनासुद्धा नुसता लावत नाही. माणसाच्या कातडीला लावला की ती मरते, राख फासल्यासारखी दिसते. काळा माणूस जगात नसतोच, पोरी. कुणी तांबूस असतो, कुणी जांभळट, कुणी काकवीसारखा. तुझी बहीण कशी होती?"

मी डोळे मिटले. जन्मल्यापासून मी अक्काशेजारी झोपत होते. तिच्या हातानं जेवले होते, तिच्या मांडीवर डोकं ठेवून केस विंचरून घेतले होते. तरी मला तिचा रंग सांगता येईना. सावळी म्हणावं तर ते बरोबर नव्हतं, तो तर आम्ही पाहुण्यांना सांगायचा शब्द होता. मला आठवत होती ती अव्वानं रोज पहाटे तिच्या तोंडाला फासलेली हळद, डाळीचं पीठ, साय, लिंबाची साल. त्याच्या खालचं काही मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मला रडू यायला लागलं आणि रडायचीही लाज वाटायला लागली.

"थांबा," मी म्हटलं. साडी सावरत खाली घाण्यावर गेले, कोपऱ्यातल्या पोत्यात हात घातला आणि मूठभर जवस घेऊन वर आले. खिडकीतल्या उजेडात त्यांच्या तळहातावर ओतले. "असा. ऊन पडल्यावर दिसतो तसा."

पेंटर बराच वेळ ते दाणे तळहातावर हलवत राहिले. दाणे तपकिरी, आतून तांब्यासारखे तापलेले, आणि वरून पाणी फिरवल्यासारखे चकचकीत. दाणा कलला की त्याच्या पाठीवर एक बारीक निळसर तकाकी सरकायची.

"अरे तुझ्या," ते हळूच म्हणाले.

त्यांनी पाटीवरचा सफेद्याचा गोळा सुरीनं खरवडून बाजूला केला. मग एकेक रंग काढायला लागले आणि काढताना माझ्याशी नाही, त्या दाण्यांशी बोलायला लागले. "हा बर्न्ट सिएना, म्हणजे भाजलेली मातीच. ही पिवळी माती. आता इथं गालाखाली थोडा किरमिजी. आणि सावलीत निळा पाहिजे, काळा नाही, निळा." आमच्याच घाण्याचं तेल त्यांनी बाटलीत भरून महिनोन्‌महिने गच्चीवर उन्हात ठेवलेलं होतं. ऊन खाऊन ते पाण्यासारखं फिकट झालं होतं. त्याचे दोन थेंब टाकून ते कालवत राहिले. एकदा जास्त लाल झालं, पुसलं. एकदा मातकट झालं, पुसलं. मग ब्रशनं कॅनव्हासवर, गालाच्या जागी, एक डाग लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी स्टुलावरून उठले. "हां," मी म्हटलं. "अक्का."

त्यानंतर मी रोज बसत गेले. तेलाचा रंग वाळायला वेळ घेतो, म्हणून पेंटर रोज थोडं थोडं काम करायचे. खाली घाण्याची घरघर आणि वर टर्पेंटाइनचा वास. ते बोलत राहायचे, मला मात्र ओठ हलवायची मनाई. थांबले की बोलायचं.

"एकही फोटो कसा नाही?" एकदा त्यांनी विचारलं.

"होता. अक्कानं जाळला."

"का?"

मी सांगितलं. एका स्थळाला दाखवायला म्हणून अप्पांनी तिला सोलापूरला नेऊन फोटो काढवला होता. फोटोवाल्यानं तो घासूनपुसून इतका उजळ केला की तिकडून लगेच होकार आला. बघायला माणसं आली. अक्का पोह्यांचं ताट घेऊन बाहेर गेली तर मुलाच्या आत्यानं विचारलं, "ही राहू दे, फोटोतली मुलगी कुठाय?" अक्का म्हणाली, "फोटोतली मुलगी फोटोतच आहे." ताट ठेवून आत आली आणि चुलीत फोटो घातला. घरात होते नव्हते ते सगळे घातले. लहानपणीचे सुद्धा.

पेंटरांचा हात थांबला होता. "हे मालकांना माहीत आहे?"

"तेव्हा ते तिथंच बसले होते."

दुसरी गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. कुणालाच सांगितली नव्हती, कारण सगळ्यांना ती माहीत होती.

उन्हाळ्यात लातूरच्या चनबसप्पांचं स्थळ आलं. आडतीचा मोठा धंदा, एकुलता मुलगा राजशेखर, इंटरपर्यंत शिकलेला. या वेळी फोटो पाठवला नव्हता. बघायला येणार त्या सकाळी अव्वानं मला सांगितलं, "तू घाण्यामागच्या खोलीत जाऊन बस. पाहुणे जाईपर्यंत पुढं येऊ नकोस." थोरलीचं ठरायच्या आधी धाकटी गोरी मुलगी कुणाच्या नजरेला पडू नये, म्हणून मला लपवायचे. मला त्याची सवय होती. मी पेंडीच्या थप्पीआड पुस्तक घेऊन बसले. पण अप्पांनी नुकताच घाणा विजेवर आणला होता आणि चनबसप्पांना तो बघायची हौस आली. बापलेक तसेच मागच्या दारानं आत आले. मी उठून उभी राहिले. पळायला जागाच नव्हती. राजशेखरनं मला विचारलं, "हा बंद कसा करतात?" खटका त्या खोलीच्या भिंतीवरच होता, तो मी दाखवला. त्यानं तो खाली केला, घाणा थांबला, आणि एकदम एवढी शांतता झाली की तो हसला. मीही हसले असेन.

एवढंच. मी एवढंच केलं.

संध्याकाळी मध्यस्थाकडून निरोप आला, "धाकटी द्याल तर घेऊ. थोरलीचं उरकलं की मग करू, आम्हाला घाई नाही." अक्का तेव्हा अंथरुणावर पडली होती. ती म्हणाली, "बरं झालं. घरातलंच कुणीतरी जाईल." मग भिंतीकडे तोंड केलं. त्या रात्री तिच्या अंगाचा चटका बसत होता. डॉक्टर आले ते दुसऱ्या दिवशी. तपासून झाल्यावर ते अप्पांना बाहेर घेऊन गेले. मला दारातून ऐकू आलं, "हा ताप कालचा नाही. बरेच दिवस अंगात आहे. इतक्या उशिरा का?" अप्पा काय म्हणाले ते कळलं नाही. त्यानंतर अक्का उठली नाही. शेवटी पोटात रक्तस्राव झाला.

तिला माती देऊन आलो त्या दिवसापासून मला आरशात बघवत नव्हतं. वेणी घालताना मी भिंतीकडे बघायची. आणि आता तिच्याच साडीत, तिच्याच जागी मी उजेडात बसत होते आणि एक माणूस तासन्‌तास माझ्याकडे बघत होता. घरात वडीलधारी माणसं यायची, अप्पांना म्हणायची, "वर्षाच्या आत घरात कार्य व्हावं. लातूरकर अजून थांबलेत." अप्पा 'हूं' म्हणायचे.

चित्र होत आलं तसे पेंटर बदलत गेले. गप्पा कमी झाल्या. जेवणाची आठवण करून द्यावी लागायची. एकदा कपाळावरची तकाकी काढताना त्यांनी सफेद्यात किंचित निळा मिसळला, ब्रशच्या टोकानं एकदाच टेकवला आणि दोन पावलं मागे सरून म्हणाले, "आयुष्यभर हातांना हे येत होतं, आणि मी काय रंगवत बसलो!" मग ब्रश पुसत, जरा घाबऱ्या आवाजात म्हणाले, "मालकांना आवडणार नाही."

त्याच दुपारी त्यांनी अप्पा-अव्वांना वर बोलावलं.

अप्पा पुढं झाले. अव्वा दाराशीच थांबली. कॅनव्हासवर अक्का बसली होती. हनुवटी जरा खाली, पण डोळे सरळ समोर. हात माझे होते, मान माझी होती, आणि तरी ती मी नव्हते. तिचा चेहरा खिडकीच्या उजेडात असा तापून आला होता की ती आत्ता शेतातून चालत येऊन पाणी मागेल असं वाटावं. ती किती देखणी होती, हे मला त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं जवळ असून कळलं नव्हतं.

अप्पांनी घसा खाकरला. "छान आहे," ते म्हणाले. "हुबेहूब आहे. आता जरा उजळ करा."

पेंटर ब्रश पुसत राहिले.

"लोक येतील, बघतील. जिवंतपणी तिच्या वाट्याला जे यायचं ते आलं. आता तसबिरीत तरी कुणी नाव ठेवायला नको. ओलं आहे ना अजून?"

"ओलं आहे," पेंटर म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "वरून सफेदा फिरवला की होईल." आणि खरंच त्यांनी ती मोठी ट्यूब उचलली. त्यांचा मला त्या वेळी फार राग आला. पण पैसे अप्पा देणार होते, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं.

"अप्पा," मी म्हटलं, "मग तिला कुणी विचारलं, फोटोतली मुलगी कुठाय, तर?"

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता हात उठेल. आयुष्यात त्यांनी कधी आमच्यावर हात उगारला नव्हता. ते काही बोलणार तेवढ्यात अव्वा दारातून पुढं आली. आमच्या कुणाकडेच तिचं लक्ष नव्हतं. ती चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, हात उचलला, आणि पेंटर "ओलं आहे हो, ओलं!" म्हणेपर्यंत तिनं अक्काच्या गालावर बोट ठेवलं.

गालावर बोटाचा ठसा उमटला. अव्वानं बोट डोळ्यांपुढं धरलं. तपकिरी रंग लागला होता.

"लहान होती तेव्हापासून घासत आले," ती म्हणाली. "पिठानं घासलं, सायीनं घासलं. रडायची, तरी घासलं. कधी एवढासुद्धा निघाला नाही. आज नुसतं बोट लावलं तर हाताला आला."

खाली घाणा चालूच होता.

"त्या दिवशी पण घासलं," अव्वा म्हणाली. आता ती चित्राशीच बोलत होती. "पाहुणे यायचे होते त्या सकाळी. अंग भाजत होतं तिचं. हळद लावली की लगेच वाळत होती, इतका ताप. मला कळत होतं. ती म्हणाली, अव्वा, आज नको, थंडी वाजतेय. मी म्हटलं, एवढा एक दिवस कळ काढ. गार पाण्यानं तोंड धुतलं मी तिचं. मी मारलं हो तिला."

"वेडी का काय तू?" अप्पा म्हणाले. त्यांनी हात पुढं केला आणि तसाच मागे घेतला. मग ते माझ्या स्टुलावर बसले, आणि मला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले. "तुला त्या सकाळी कळलं. मला त्याच्या आधीपासून माहीत होतं. गल्लीतून डॉक्टर जात होते, मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, डॉक्टरची गाडी दारात दिसली तर गावभर होईल, मुलगी आजारी आहे म्हणून लातूरला कळेल. पाहुणे एकदा येऊन जाऊ देत, मग बघू."

अव्वा त्यांच्याकडे बघत राहिली. इतके महिने दोघं एका घरात, एका चुलीवरचं खात होती, आणि एकमेकांना हे माहीत नव्हतं. अव्वा अप्पांना भीत होती आणि अप्पा अव्वाला. माझ्या डोक्यात आलं, आता आपली पाळी. आपणही काहीतरी सांगून टाकावं, मोकळं व्हावं. पण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. मी थप्पीआड बसले होते, मी एक खटका दाखवला होता. मी गोरी होते, याची कबुली कशी देतात?

अंबादास पेंटर मघापासून भिंतीला टेकून उभे होते. हातातली सफेद्याची ट्यूब कुठं ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "मग काय करू, मालक?"

"राहू दे," अप्पा म्हणाले. "आहे तशी राहू दे."

"आणि गालावरचं ते?"

"तेवढं मिटव," अव्वा म्हणाली. "तिला दुखेल."

पुढच्या खोलीत तसबीर लागली ती दसऱ्याच्या सुमारास. अव्वानं हार घालू दिला नाही. बाहेरची माणसं यायची, बघायची, आणि काय बोलावं न सुचून चहा प्यायची. काही जण मात्र समोरून हलायचे नाहीत.

दिवाळी झाल्यावर चनबसप्पा आले. बरोबर राजशेखर. माझं पक्कं करायलाच आले होते. हातात मिठाईची करंडी होती. अव्वानं मला लपवलं नाही, पण मी आपणहून आतल्या दाराच्या फटीआड उभी राहिले. तिथून अर्धी खोली दिसायची आणि तसबीर पूर्ण दिसायची.

घरदार, पाऊसपाणी, बाजारभाव झाले. बोलता बोलता चनबसप्पांची नजर वर गेली. ते उठले, तसबिरीजवळ गेले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"वा!" ते म्हणाले. "काय तेज आहे हो चेहऱ्यावर. घरंदाज. मातोश्री वाटतं तुमच्या? तरुणपणच्या?"

अप्पांनी तसबिरीकडे पाहिलं.

"असली माणसं आता बघायला मिळत नाहीत," चनबसप्पा म्हणाले. खरंच मनापासून म्हणाले.

"अण्णा," राजशेखर हळूच म्हणाला. तो जागेवरून उठला होता. त्यानं तसबिरीकडे एकदा पाहिलं होतं आणि मान खाली घातली होती. "अण्णा, बसा."

"का रे? चांगल्याला चांगलं म्हणू नये?"

"ती माझी थोरली," अप्पा म्हणाले. "महानंदा. तुम्ही इथंच बसला होता. ती समोर त्या पाटावर बसली होती. तिच्या हातचे पोहे खाल्लेत तुम्ही."

चनबसप्पा वळले. तसबिरीकडे, अप्पांकडे, परत तसबिरीकडे. वाईट माणूस नव्हता तो. त्यांच्या कपाळावर घाम आला. "अरेरे," ते म्हणाले. "ओळखू आली नाही हो."

"नाही ना," अप्पा म्हणाले. "मलासुद्धा नव्हती आली." त्यांनी मिठाईची करंडी उचलली आणि दोन्ही हातांनी चनबसप्पांपुढं धरली. आवाज अजिबात चढवला नाही. "राग मानू नका. माझी मुलगी मला द्यायची नाही. चहा घेऊन जा."

चहा कुणी घेतला नाही. चनबसप्पा पागोटं सावरत बाहेर पडले. राजशेखर मागे राहिला. त्यानं तसबिरीसमोर उभं राहून हात जोडले, मग आतल्या दाराकडे पाहिलं. फट बारीक होती, मी त्याला दिसले की नाही कोण जाणे. पण तो बराच वेळ पाहत होता. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, अप्पांकडे पाहिलं, आणि निघून गेला.

त्याचं पुढं कुठं लग्न झालं ते मी कधी विचारलं नाही. माझं तीन-चार वर्षांनी तुळजापूरला झालं, शाळामास्तरांशी. संसार चांगला झाला, तक्रारीला जागा नाही. अव्वा-अप्पांचं त्या दुपारनंतर पुन्हा मोकळं बोलणं सुरू झालं होतं. शेवटपर्यंत त्यांनी एकमेकांना जपलं.

पण त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर अप्पा बराच वेळ पायरीवर बसून होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. ते प्यायले नाहीत. म्हणाले, "तुला न विचारताच सांगून टाकलं मी."

"बरं केलंत."

"मुलगा वाईट नव्हता. त्यानं ओळखलं तिला." ते थांबले. मग माझ्याकडे नीट बघत, अगदी हळू, म्हणाले, "प्रभा, तुझ्या मनात काही होतं का?"

घाणा बंद करताना तो जसा हसला होता, ते उन्हाळ्यापासून रोज झोपताना मला आठवायचं. अक्काच्या उशाशी बसून तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते, तेव्हासुद्धा आठवलं होतं.

"नाही," मी म्हटलं.